शेडच्या कामात वाऱ्याचा हिशोब

आपल्या समाजातील बरेच वेल्डर आणि फॅब्रिकेटर बंधू नागापूर, सुपे, श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडी शेडची कामे घेतात. हात चांगला आहे. पण कागदावरच्या हिशोबाकडे दुर्लक्ष होते, असे आम्हाला दिसते.

छप्पर वजन पेलेल का, हाच प्रश्न सगळे विचारतात. भारतीय मानक 875 च्या भाग 2 प्रमाणे 10 अंशांपर्यंत उताराच्या, ये-जा नसलेल्या छपरावर चौरस मीटरला 75 किलो भार धरतात. तेवढे मिस्त्रीच्या अंगवळणी पडलेले असते. पत्र्याच्या शेडचा घात बहुधा वारा करतो, आणि तो छप्पर दाबत नाही, उचलतो.

मानकाच्या भाग 3 मध्ये (2015) पुणे, नाशिक आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांना वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर दिला आहे. आपला जिल्हा या तिघांच्या मधोमध. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत! वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणले की दाब निघतो : चौरस मीटरला सुमारे 93 किलो. त्यात मोठे शटर उघडे राहिले तर आतून 0.7 पट रेटा, वरून साधारण 0.8 पट ओढ. बेरीज दीडपट, म्हणजे 140 किलो.

आता 40 फूट रुंद शेड घ्या, खांब 5 मीटरवर. एका खांबाच्या वाट्याला 30 चौरस मीटर छप्पर, म्हणजे 4 टनांवर ओढ. पत्रा, पर्लिन, कैची यांचे वजन फार तर 600 किलो. बाकीचे साडेतीन टन फाउंडेशन बोल्टने आणि खालच्या काँक्रीटने धरायचे. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात काँक्रीट बसते जेमतेम अर्धा टन. उंची व जागा पाहून इंजिनिअर हे आकडे कमीजास्त करील, पायावरची मातीही हिशोबात धरील. पण फरक केवढा आहे ते पाहा.

काम चौरस फुटाच्या भावाने घेतले की वाचवलेला प्रत्येक किलो कारागिराचा नफा होतो, आणि पहिली काटछाट बोल्ट व क्रॉस ब्रेसिंगमध्ये होते. कधी मालकच टेम्पो जावा म्हणून क्रॉस कापायला सांगतो. आमच्या मते असे काम सोडलेले बरे. अगदीच अडले तर इंजिनिअरकडून त्या ठिकाणी दुसरी चौकट काढून घ्यावी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात किती पत्रे उडाले, हे कोकणातल्या नातलगांना विचारावे.

जुन्या शेडवर सोलर पॅनेल बसवताना किंवा कैचीला चेनपुली टांगतानाही आधी मूळ नकाशा काढावा. त्यावर धरलेले भार लिहिलेले नसतील, तर इंजिनिअरकडून लेखी घेऊन मगच भाव द्यावा.