थीसिसचा सर्च: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीजीला आहात आणि सिनॉप्सिसची तारीख जवळ आली आहे? मग ‘लिटरेचर सर्चचं पॅकेज’ विकणाऱ्याला जरा थांबवा. सर्चची आखणी फुकटात होते. लॅपटॉप, इंटरनेट आणि एक मोकळी दुपार पुरते.

समजा विषय आहे कपाशीवरच्या फवारणीतून होणारी विषबाधा. 2017 मधल्या फवारणीच्या विषबाधेनंतर आपल्या जिल्ह्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सिनॉप्सिसचा इंग्रजी मसुदा ‘मेश ऑन डिमांड’मध्ये चिकटवा, ते मेशचे, म्हणजे पबमेडच्या विषयसूचीतले ठरलेले शब्द सुचवतं. ‘ऑर्गॅनोफॉस्फेट पॉयझनिंग’ हा तसाच एक. हे शब्द पबमेडमध्ये टाका. डावीकडे वर्षवार आलेख येतो, त्याची फाइल उतरवून घ्या. किती वर्षं मागे जायचं, हे गाइडपुढे मांडायला ती कामी येते. तीच क्वेरी ‘पबरीमायनर’ला दिलीत की कोणती जर्नलं, कोणते शब्द वारंवार येतात याची मोजदाद मिळते. विषयाशी नेमके जुळणारे पाच-दहा पेपर हाताशी असतील, तर त्यांना मेशचे कोणते शब्द लावलेत हे बघायला त्यांचे पीएमआयडी (पबमेडमधले क्रमांक) ‘येल मेश अ‍ॅनालायझर’ला द्या. एका वेळी 20 चालतात. खर्च शून्य.

खड्डा पुढे आहे. पबमेडमधल्या सगळ्याच जर्नलना मेशचे शब्द लावलेले नसतात, आणि त्यात आपली बरीच भारतीय जर्नलं येतात. नुसत्या मेशवर विसंबलात, तर घराजवळचेच पेपर निसटायचे. म्हणून ‘प्रोफेनोफॉस’, ‘मोनोक्रोटोफॉस’ अशी कीटकनाशकांची नावं इंग्रजीत शीर्षक-सारांशातही शोधा आणि मेशच्या शब्दांना ‘ऑर’ने जोडा.

संशोधनाचे नकाशे काढणारं व्हॉसव्ह्यूअरही मोफत आहे, नकाशे देखणे निघतात. पण पबमेडच्या फाइलवरून कुणी कुणाला उद्धृत केलं, हे त्यात दिसत नाही. सिनॉप्सिसपुरतं सोडून द्या.

पैसा गळतो तो फुल टेक्स्टला. प्रकाशक एका पेपरचे 30-40 डॉलर सहज मागतात. भरू नका. आधी पबमेड सेंट्रल बघा, मग ब्राउझरमध्ये पेपरची मोफत प्रत शोधणारं अनपेवॉल बसवा, मग कॉलेजच्या ग्रंथालयात जा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे: 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नलं, सरकारी संस्थांसाठी. ओळखपत्र घेऊन जा आणि ग्रंथपालांना दोनच प्रश्न विचारा: आपल्या कॉलेजची नोंदणी झाली आहे का, आणि हॉस्टेलवरून लॉगिन कसं मिळेल? तिथेही पेपर नसेल, तर लेखकालाच ईमेल करा. बरेच जण पाठवतात.

‘सात दिवस मोफत’ म्हणत कार्ड मागणाऱ्या साधनांपासून लांब राहा. आठव्या दिवशी वर्षाची वर्गणी कापली जाऊ शकते. संदर्भ साठवायला झोटेरो घ्या. त्यात 300 एमबी जागा फुकट मिळते, पीडीएफनी ती लवकर भरते आणि पैसे मागितले जातात. फाइल सिंक बंद करा, पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा. संदर्भांच्या नोंदी मोफतच सिंक होत राहतात.

पॅकेज घ्यायचंच ठरवलंत, तर पूर्ण क्वेरी, सर्चची तारीख आणि निकालांचा आकडा लेखी मागा. न देणाऱ्याला पैसे देऊ नका.