मलेशियाची निर्मिती : संमती कोणाची?

संघराज्य घटकांच्या करारातून जन्मले की नाही, यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. भारतीय संघराज्य राज्यांच्या करारातून निर्माण झालेले नाही, म्हणून कोणत्याही राज्यास त्यातून फुटून निघता येणार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. करारातून जन्मलेल्या संघराज्याचा नमुना म्हणून आम्ही येथे मलेशियाचा विचार करीत आहोत.

मे १९६१ मध्ये मलायाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी मलाया, सिंगापूर, ब्रुनेई, सारावाक आणि उत्तर बोर्निओ (आजचे साबा) यांना निकट आणण्याची कल्पना मांडली. मग लोकांचे मत अजमावणे सुरू झाले. लॉर्ड कॉबोल्ड यांच्या आयोगाला सारावाक व उत्तर बोर्निओत असे आढळले की, साधारण एक तृतीयांश लोक अटींचा फारसा आग्रह न धरता अनुकूल आहेत, एक तृतीयांशांना ठोस संरक्षण हवे आहे आणि उरलेल्यांपैकी काहींना आधी स्वातंत्र्य, तर काहींना ब्रिटिश सत्ताच हवी आहे. अशा अहवालातून बहुमतही दाखविता येते आणि असंतोषही. दोन्ही दाखविले गेले. सिंगापुरात १ सप्टेंबर १९६२ रोजी सार्वमत झाले. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते, आणि तिन्ही विलीनीकरणाचेच! 'नको' म्हणण्याची जागाच नव्हती. सुमारे एक चतुर्थांश मतपत्रिका कोऱ्या निघाल्या.

डिसेंबर १९६२ मध्ये ब्रुनेईत उठाव झाला. ब्रिटिश सैन्याने तो मोडला, तरी अखेरीस ब्रुनेई संघराज्याबाहेरच राहिले. जानेवारी १९६३ मध्ये इंडोनेशियाने 'कोनफ्रोंतासी', म्हणजे उघड संघर्षाचे धोरण जाहीर केले. फिलिपिन्सचा दावा साबावर होता. सुलूच्या सुलतानाने १८७८ मध्ये तो प्रदेश कायमचा दिला की भाडेपट्ट्याने, हा वाद मूळ करारातील एका मलय शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो, आणि तो अद्याप मिटलेला नाही.

शेजाऱ्यांच्या आग्रहावरून संयुक्त राष्ट्रांचे पथक बोर्निओत पाठविण्यात आले. त्यासाठी ३१ ऑगस्टचा मुहूर्त पुढे गेला. परंतु पथकाचे काम चालू असतानाच १६ सप्टेंबर ही नवी तारीख घोषित झाली. निष्कर्ष अनुकूल आला हे खरे, पण उत्तर येण्याआधीच दिवस ठरविल्याने इंडोनेशियाला आक्षेपाचे निमित्त आयतेच मिळाले. इकडे मलायातील केलांतान राज्यानेही, आपल्या संमतीवाचून संघराज्याचे स्वरूप बदलता येणार नाही, असे म्हणत न्यायालय गाठले. स्थापनेच्या दोन दिवस आधी निकाल केंद्राच्या बाजूने लागला.

सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी वेगळे झाले. इंडोनेशियाशी समेट १९६६ मध्ये झाला.

साबातील अंतर्भागाच्या लोकांना मात्र केवळ कागदावरील शब्द पुरेसा वाटला नव्हता. केनिंगाऊ येथे १९६४ मध्ये त्यांच्यासाठी एक शपथशिला उभारण्यात आली. धर्मस्वातंत्र्य, जमिनीवर राज्य सरकारचा अधिकार आणि मूळ रहिवाशांच्या रूढींचा आदर, ही तीन वचने तिच्यावर आहेत. त्यांच्या बदल्यात जनता सरकारशी एकनिष्ठ राहील, हेही तेथेच नोंदलेले आहे.