मंदावलेले पोकलेन : जुन्या उत्खनन-यंत्राच्या दोषाची परीक्षा

पावसाळ्यात काशीची गंगा फुगते. तेथील धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या सप्टेंबरमधील महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पूर ओसरला म्हणजे मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचे अहल्याबाई घाट, भोसले घाट आणि त्यांच्या शेजारचे सारे घाट गाळाने माखलेले दिसतात. पायऱ्यांवरील गाळ पाण्याच्या झोताने धुऊन काढता येतो. परंतु नाल्यांत व सखल जागी साचलेला गाळ उपसावयाचा तर यंत्र पाहिजे. कार्तिकी पौर्णिमेला घाटांवर देवदीपावलीचे दिवे लागतात, म्हणून कामाला मुदतही थोडी असते.

अशा वेळी जुने यंत्र मंदावले, तर मालकापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. चार सेकंदांत वर जाणारा हात सहा सेकंद घेऊ लागतो. डिझेल तितकेच जळते, पण दिवसाचे काम घटते. “पंप गेला” असे कोणीतरी सांगतो. पंप हा यंत्रातील अत्यंत महागड्या भागांपैकी एक आहे. तो बदलल्यावरही यंत्र मंदच राहिले, तर पैसा गेला आणि दोषही जागच्या जागी राहिला. म्हणून खोलण्यापूर्वी मोजावे, हा या पाठाचा मुख्य विषय आहे.

तेलाचे कार्य

महाराष्ट्रात या यंत्राला पोकलेन म्हणतात. पोक्लें या फ्रेंच कंपनीच्या नावावरून हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. यंत्राचा हात, कोपर आणि बकेट यांना हलविणारे स्नायू म्हणजे पोलादी सिलिंडर. इंजिन पंप फिरविते, पंप टाकीतील तेल ढकलतो, चालकाच्या दांड्यांनी उघडणाऱ्या झडपा त्या तेलाला वाट देतात आणि तेल सिलिंडरात शिरून दट्ट्याला पुढे रेटते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कालने मांडलेला नियम या रचनेच्या मुळाशी आहे. त्याच नियमावर जोसेफ ब्रामा याने इंग्लंडात १७९५ मध्ये द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले.

येथे एक भेद मनात पक्का ठसविला पाहिजे. दट्ट्याचे बळ तेलाच्या दाबावर अवलंबून असते, तर त्याचा वेग दर मिनिटाला येणाऱ्या तेलाच्या प्रमाणावर, म्हणजे प्रवाहावर, अवलंबून असतो. यंत्र ओझे उचलते, परंतु सावकाश उचलते, तेव्हा प्रवाह कमी पडत आहे असा पहिला तर्क करावा. ओझे उचलतच नसेल, तर दाब तपासावा. पुष्कळ ठिकाणी मंद यंत्रावर उपाय म्हणून दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेचा स्क्रू आवळतात. त्याने वेग वाढत नाही. उलट होज फुटण्याचा आणि पंपावर जादा भार पडण्याचा धोका मात्र वाढतो.

एक उदाहरण घेऊ. वीस टन वर्गाच्या यंत्रात हात उचलणारे दोन सिलिंडर आहेत, प्रत्येकाचा आतील व्यास १२ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव १२५ सेंटिमीटर आहे, असे समजा. दोन्ही भरण्यास सुमारे २८ लिटर तेल लागेल. दोन पंप मिळून मिनिटाला ४०० लिटर तेल देत असतील, तर हात सुमारे ४.२ सेकंदांत वर जाईल. त्यातील पाचवा हिस्सा वाटेत गळाला, तर ५.३ सेकंद लागतील. चालकाला जाणवणारा मंदपणा तो हाच.

झिजेचा घनाचा नियम

तेल गळते म्हणजे ते जमिनीवर सांडलेच पाहिजे असे नाही. पंपातील दट्ट्या आणि त्याचे छिद्र यांमध्ये केसाहूनही बारीक फट असते. जास्त दाबाचे थोडे तेल तिच्यातून मागे निसटते आणि नळीने मुकाट्याने टाकीत परत जाते. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. जुने यंत्र वर्षानुवर्षे बरे चालते आणि मग थोड्या काळात ढेपाळल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण या नियमात आहे.

फट रुंदावते ती बहुधा धुळीमुळे. गंगेच्या वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात. ज्या चुनारच्या वालुकाश्माने काशीचे अनेक घाट बांधले आहेत, त्या दगडाच्या धुळीतही तेच कण असतात. क्वार्ट्‌झची कठीणता मोसच्या मापावर ७ आहे. म्हणजे तो काचेवर सहज ओरखडा काढतो. टाकीचे झाकण उघडे राहिले किंवा दट्ट्याच्या दांडीवरील धूळ पुसणारे सील फाटले, की हे कण तेलात शिरतात आणि पंपाला कानसेसारखे घासतात.

गळतीचे दुसरे कारण उष्णता. द्रवाच्या वाहण्याला आतून जो विरोध होतो त्याला श्यानता म्हणतात. तापमान वाढले की तेलाची श्यानता घटते. यंत्रात सामान्यतः वापरले जाणारे ४६ क्रमांकाचे तेल १० अंश सेल्सिअसला ४० अंशांच्या मानाने सुमारे पाचपट दाट असते, तर ८० अंशांना ते सुमारे एक चतुर्थांश इतके पातळ होते. काशीत जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो आणि मे-जूनच्या दुपारी ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. म्हणून तेथे एकाच यंत्राची प्रकृती ऋतूप्रमाणे पालटते, आणि हा पालटच दोष ओळखण्यास साहाय्य करतो.

तीन प्रश्न

वैद्य नाडी पाहण्याआधी रोग्याला प्रश्न विचारतो. यंत्राच्या चालकालाही तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : यंत्र केव्हा मंदावते? थंड असताना मंद आणि तापल्यावर ठीक असेल, तर तेल जास्त दाट आहे किंवा पंपाच्या शोषण-मार्गातील जाळी तुंबली आहे, असा संशय घ्यावा. तेल पुरेसे न मिळाल्यास पंप घरघरतो किंवा किंचाळतो. याउलट सकाळी ठीक आणि तापल्यावर मंद असेल, तर आतील गळती बळावली आहे किंवा तेल थंड करणारी जाळी धुळीने बुजली आहे. या जाळीची सफाई पंपाच्या किमतीच्या मानाने जवळजवळ फुकट होते.

दुसरा : सर्वच हालचाली मंद आहेत की एकच? फक्त बकेट मंद असेल, तर पंपावर दोष ठेवता येत नाही, कारण तोच पंप इतर हालचालींनाही तेल देतो. अशा वेळी त्या हालचालीची झडप, होज आणि सिलिंडरचे सील पाहावे. सर्वच हालचाली मंद असतील, तर जे सर्वांना सामाईक आहे ते तपासावे : तेलाची पातळी, गाळण्या, इंजिन, पंप, आणि दांड्यांकडून झडपांना हुकूम पोहोचविणारा सुमारे ३५ ते ४० बारचा लहान दाब. नव्या यंत्रांत पंपाला विजेच्या संकेताने आज्ञा मिळते. तेथे एखादा सैल जोडही तेच लक्षण दाखवितो.

तिसरा : भार पडताच इंजिन दबते काय? दबत असेल, तर आधी डिझेलचे व हवेचे फिल्टर पाहावेत. मात्र कठीण जमिनीत यंत्र थोडे सावकाश चालणे हा दोष नव्हे. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ११० किलोवॉट शक्ती असेल, तर ३३० बार दाबाला मिनिटाला २०० लिटरांहून अधिक तेल देता येणार नाही. म्हणून पंप स्वतःच आपला प्रवाह आवरतो आणि इंजिन बंद पडण्यापासून वाचविते.

मोजमाप

मग घड्याळ हाती घ्यावे. तेल कामाच्या तापमानाला आणून, इंजिनाचे फेरे ठरावीक ठेवून, रिकाम्या बकेटने प्रत्येक हालचाल तीनदा करावी आणि सरासरी वेळ यंत्राच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावी. तेलही पाहावे. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे, फेसाळ असेल तर हवा शिरली आहे, आणि काळे व करपट वासाचे असेल तर ते फार तापले आहे. जुनी परतीची गाळणी कापून तिच्या घड्यांत पितळी किंवा पोलादी चकाकी दिसते का, तेही तपासावे.

पंपाचा निकाल लावावयाचा तर प्रशिक्षित मेकॅनिकने त्याच्या कवचातून टाकीकडे परतणारी गळती प्रवाहमापकाने मोजावी. यंत्र सरळ हाकताना एकाच बाजूला वळत असेल, तर आणखी एक युक्ती आहे. बहुतेक यंत्रांत दोन पट्ट्यांना दोन पंप तेल देतात. दाब पूर्ण उतरवून दोन्ही पंपांच्या होजांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या पट्ट्यावर गेला तर तो पंपाचा. जागचा हलला नाही तर त्या बाजूच्या झडपेचा किंवा मोटरचा. एका साध्या अदलाबदलीने निम्मे यंत्र संशयमुक्त होते.

सावधानतेचा इशारा

होजची गळती शोधण्यासाठी हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडी भेदून तेल शरीरात घुसविते. जखम टाचणीएवढी दिसते, पण उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. काम करण्यापूर्वी बकेट जमिनीला टेकवावी, इंजिन बंद करावे आणि उरलेला दाब उतरवावा. उचललेल्या हाताखाली कोणीही कधीही उभे राहू नये.

वर्गात करून पाहा

सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या बारीक रबरी नळीने जोडून पाण्याने भरा. एकीचा दट्ट्या दाबताच दुसरीचा वर येतो. नळी चिमटीत धरा : दट्ट्या येतो, पण सावकाश, ही तुंबलेली गाळणी होय. आत हवेचा बुडबुडा सोडा : दट्ट्या आधी लवचिकपणे दबतो आणि मग हलतो, हे फेसाळ तेल होय. नळीला टाचणीने छिद्र पाडा : दाबाल तितके पाणी पोहोचत नाही, ही झिजलेल्या पंपाची गळती होय.

तिन्ही वेळा दुसरा दट्ट्या मंदच दिसला, पण कारणे तीन होती. मालक आणि मिस्त्री यांनी एवढे ध्यानात ठेवले, तर पुष्कळ निर्दोष पंप यंत्राबाहेर निघण्यापासून वाचतील आणि गाळही मुदतीत उपसला जाईल.