खाऱ्या पाण्यांतील नवीन मासे : त्यांचें विलगीकरण व औषधोपचार

बाजारांतून नवा बैल आणला म्हणजे जाणता शेतकरी त्यास लागलीच जुन्या जनावरांच्या दावणीस बांधीत नाहीं. कांहीं दिवस तो त्यास निराळ्या जागीं ठेवतो, निराळ्या भांड्यांत पाणी पाजतो, आणि तोंड व खूर वारंवार पाहून खात्री झाल्यावरच त्यास गोठ्यांत घेतो. लाळ-खुरकुताची सांथ ज्याच्या घरीं एकदां येऊन गेली, त्यास ह्या खबरदारीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. परंतु हाच शेतकरी हौसेनें किंवा जोडधंदा म्हणून मासे पाळूं लागला कीं, तीच खबरदारी विसरतो. कारण पाण्यांतील रोग डोळ्यांस दिसत नाहीं.

समुद्रांतील शोभिवंत माशांस शहरांतून मागणी आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें क्लाऊन माशाची पैदास टांक्यांत करण्याची रीत बसविल्यापासून किनाऱ्यावरील होतकरू माणसास ह्या धंद्याची वाट मोकळी झाली आहे. मात्र ह्या धंद्यांत भांडवल पाण्यांत पोहत असतें, व तें एका आठवड्यांत नाहींसें होऊं शकतें.

प्रस्तुत लेखकास हा धडा स्वतःच्या नुकसानींतून मिळाला. घरच्या ४०० लिटरांच्या टांकींत दीड वर्ष सुखानें वाढलेले ११ मासे होते. त्यांत नुकतीच अंडीं देऊं लागलेली क्लाऊन माशांची एक जोडी होती. एका व्यापाऱ्याकडून आणलेले ३ नवे मासे दिसण्यांत ठणठणीत होते, म्हणून ते त्याच संध्याकाळीं टांकींत सोडले. चौथ्या दिवशीं एकाच्या परांवर मिठाच्या कणांसारखे दोन-चार पांढरे ठिपके दिसले. दोन दिवसांत ते नाहींसे झाले, तेव्हां रोग आपोआप गेला असें समजून आम्ही निर्धास्त झालों. दहाव्या दिवशीं सर्वच माशांवर ठिपक्यांचा सडा पडला, आणि पंधराव्या दिवशीं १४ पैकीं २ मासे उरले. अंडीं देणारी जोडी त्यांत नव्हती. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, ही आमची समजूतच मुळांत चुकीची होती. ती कां चुकीची, हें आधीं पाहूं.

१. रोगाचें चक्र

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन नांवाच्या एकपेशी जंतूमुळें होतो. हा जंतु माशाच्या कातडीखालीं व कल्ल्यांत शिरून ३ ते ७ दिवस तेथें पोसला जातो. आपणांस दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरल्यावर तो माशास सोडून तळाशीं जातो व वाळूस, दगडास किंवा कांचेस चिकटून आपल्याभोंवतीं कोश तयार करतो. कोशाच्या आंत त्याचे विभाग होत जाऊन एकाचे दोनशेंपर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक, जंतु होतात. साधारणतः ३ ते २८ दिवसांत कोश फुटतो, व बाहेर पडलेले जंतु नवा मासा शोधूं लागतात. एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास ते मरतात.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. ठिपके नाहींसे होणें हें बरें झाल्याचें चिन्ह नसून, शत्रु तळाशीं जाऊन आपली संख्या वाढवीत असल्याचें चिन्ह असूं शकतें. दुसरें असें कीं, माशाच्या अंगांत किंवा कोशांत असलेल्या जंतूवर औषधाचा फारसा परिणाम होत नाहीं. तो कोशांतून निघून पोहत असतो तेव्हांच औषधास बळी पडतो. म्हणून उपचार दोन-चार दिवसांचा असून भागत नाहीं. चक्राचा प्रत्येक फेरा संपेपर्यंत तो चालू ठेवावा लागतो.

सांथीच्या दिवसांत जहाजें अलग ठेवण्याचा नियम युरोपांतील रागूझा बंदरानें १३७७ सालीं केला, तो ३० दिवसांचा होता. पुढें ठिकठिकाणीं ४० दिवसांचा झाला व त्यावरूनच क्वारंटीन हा शब्द निघाला. नव्या माशांसहि निदान ३० दिवस अलग ठेवावें. मध्येंच रोग दिसल्यास, तो नाहींसा झाल्याच्या दिवसापासून ३० दिवस पुन्हां मोजावे.

२. विलगीकरणाची टांकी

लहान माशांसाठीं ८० ते १०० लिटरांची साधी कांचेची टांकी पुरे. तींत वाळू, पोवळ्याचे तुकडे किंवा शिंपले घालूं नयेत. कारण चुनखडीचे पदार्थ तांबें शोषून घेतात व औषधाचें माप चुकवितात. मासे बुजूं नयेत म्हणून लपण्यास नळाचे तुकडे ठेवावे. हवा सोडणारा पंप व स्पंजाची गाळणी असावी. हा स्पंज मासे आणण्यापूर्वीं ३-४ आठवडे निरोगी टांकींत ठेवून तयार केलेला असावा. त्यांत वाढलेले उपकारक जीवाणु माशांच्या विष्ठेंतून होणारा अमोनिया नाहींसा करतात. नव्या कोऱ्या गाळणीच्या भरंवशावर राहिल्यास मासे रोगाआधींच अमोनियानें मरतात. म्हणून अमोनिया रोज तपासावा, व तो दिसतांच पाणी बदलावें. नव्या पाण्याचा खारटपणा व उष्णमान टांकींतील पाण्याइतकेंच असावें.

पाणी समुद्राचें वापरावयाचें असल्यास तें भरतीच्या वेळीं व उघडिपीच्या दिवसांत आणावें. पावसाळ्यांत नद्यांच्या व खाड्यांच्या तोंडाशीं पाण्याचा खारटपणा उतरतो व गाळ वाढतो. खुल्या समुद्राच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या पाण्याऐवजीं स्वयंपाकाचें मीठ पाण्यांत विरघळवून काम भागत नाहीं. कारण समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि पुष्कळ द्रव्यें असतात.

ही टांकी जुन्या टांकीपासून शक्य तितकी दूर ठेवावी. पाण्याच्या उडालेल्या थेंबाबरोबरहि जंतु जातो. जाळें, नळी व भांडीं निराळीं असावींत. रोज आधीं जुन्या टांकीचें काम उरकावें व मग नव्या टांकीस हात लावावा; उलट क्रम कधींहि ठेवूं नये.

३. मासे आणल्यावर

लांबच्या प्रवासांत पिशवीच्या पाण्यांत अमोनिया सांठतो. परंतु माशाच्या श्वासांतील कार्बन डायॉक्साइडमुळें पाणी आम्लतेकडे झुकलेलें असतें, त्यामुळें त्याचें विष दबून राहतें. पिशवी उघडून हवा लागली कीं पाण्याची आम्लता कमी होते व तोच अमोनिया जहाल बनतो. म्हणून उघड्या पिशवींत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडीत बसण्याची रीत अशा माशांस घातक आहे. टांकीचा खारटपणा पिशवींतील पाण्याइतका आधींच करून ठेवावा. बंद पिशवी १५-२० मिनिटें टांकींत तरंगत ठेवून उष्णमान सारखें होऊं द्यावें. नंतर मासा हलक्या हातानें उचलून टांकींत सोडावा. पिशवींतील पाण्याचा एक थेंबहि टांकींत जाऊं देऊं नये.

एका वहींत रोजची नोंद ठेवावी : मासा खातो काय, श्वास भरभर घेतो काय, अंग दगडास घांसतो काय, पर मिटून एका कोपऱ्यांत राहतो काय. ठिपके दिसण्याच्या आधीं बहुधा हींच चिन्हें दिसतात. खाणें थोडें थोडें द्यावें व उरलेलें लगेच काढावें.

४. रोग ओळखून उपचार

(अ) पांढरे ठिपके.— औषधावांचून करतां येण्याजोगा उपाय टांकी बदलण्याचा आहे. दोन टांक्या किंवा मोठीं टोपलीं घ्यावींत. ७२ तास पुरे होण्याच्या आंत सर्व मासे ताज्या पाण्याच्या दुसऱ्या टांकींत न्यावे. पहिली टांकी व तिच्यांतील सर्व सामान धुवून पूर्ण कोरडें करावें. असें चार वेळां करावें. माशाच्या अंगावरून उतरलेला जंतु कोश करून फुटण्याच्या आधींच मासा तेथून निघून जातो, हें ह्या उपायाचें मर्म आहे.

दुसरा उपाय पाण्याचा खारटपणा कमी करण्याचा. दर लिटरास ३५ ग्रॅम असलेले क्षार दोन दिवसांत हळूहळू १५-१६ ग्रॅमवर आणावे. टांकींतील खारें पाणी टप्प्याटप्प्यानें काढून तितकेंच स्वच्छ गोडें पाणी घालीत जावें, व दर टप्प्यास खारटपणा मोजून हें प्रमाण साधावें. शेवटचा ठिपका गेल्यावर निदान ३ आठवडे तें तसेंच ठेवावें, व नंतर एक आठवडा घेऊन पुनः वाढवावें. माप काटेकोर असलें पाहिजे. १८-२० ग्रॅमवर थांबल्यास श्रम फुकट जातात. ह्या जंतूच्या कांहीं जाती कमी खारटपणाहि सोसतात, हें लक्षांत असूं द्यावें. कोळंबी, पोवळीं इत्यादि प्राण्यांस हा उपाय चालत नाहीं.

(आ) मखमली रोग.— ॲमिलूडिनियम नांवाच्या जंतूपासून होणारा हा रोग फार घातक. अंगावर पिवळसर बारीक धूळ पसरल्यासारखी दिसते, मासा धापा टाकतो, व कधीं कधीं धूळ दिसण्याच्या आधींच मरतो. हा जंतु अगदीं कमी खारटपणांतहि जगतो, म्हणून वरील दुसरा उपाय येथें व्यर्थ होय. येथें तांबें वापरावें लागतें. पांढऱ्या ठिपक्यांवरहि तें चालतें.

मोरचूद हा द्राक्षबागाइतदारांचा जुना सोबती आहे. शेंकडा १ च्या बोर्डो मिश्रणांत १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद पडतें. माशांचें माप मात्र अगदीं निराळें आहे. पाण्यांत दर लिटरास ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबें असावें लागतें. म्हणजे १०० लिटरांस जास्तींत जास्त सुमारें ७९ मिलिग्रॅम मोरचूद. हा ग्रॅमचा बारावा हिस्साहि नव्हे. एवढें माप घरच्या तराजूनें होत नाहीं. म्हणून शुद्ध मोरचुदाचे ३.९३ ग्रॅम १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळवून ठेवावे. ह्या द्रावणाच्या दर मिलिलिटरांत १ मिलिग्रॅम तांबें असतें. १०० लिटरांच्या टांकीस १५ मिलिलिटरांनीं ०.१५ व २० मिलिलिटरांनीं ०.२० मिलिग्रॅम हें प्रमाण येतें. दोन दिवसांत थोडें थोडें घालून हें प्रमाण गांठावें. शेतांत फवारण्याचें मोरचूद मुळींच वापरूं नये. खाऱ्या पाण्यांत तांबें हळूहळू सांक्यांत बसतें, म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासणी-संचानें मोजून जेवढी तूट तेवढीच भर घालावी. ०.१५ च्या खालीं उपयोग नाहीं, व ०.२० च्या वर माशासच अपाय होऊं लागतो. हा उपचार ४ आठवडे करावा. कोळंबी, गोगलगाय व पोवळीं तांब्यानें मरतात. म्हणून मुख्य टांकींत तें कधींहि घालूं नये, व औषधांतील स्पंज तेथें परत नेऊं नये.

(इ) कातडीवरील चपटे कृमि.— डोळे पांढुरके होणें व अंग घांसणें हीं चिन्हें. माशास गोड्या पाण्यांत ३ ते ५ मिनिटें ठेवल्यास कृमि पांढरे पडून गळतात. ह्या पाण्याचें उष्णमान व आम्लता टांकीच्या पाण्याशीं जुळती करावी व त्यांत हवा चालू ठेवावी. मासा कलंडूं लागल्यास तत्क्षणीं काढावा. नंतर प्राझिक्वांटेल हें औषध १०० लिटरांस २०० मिलिग्रॅम ह्या प्रमाणांत द्यावें, व अंड्यांतून निघणाऱ्या नव्या कृमींसाठीं आठवड्यानें पुनः द्यावें.

(ई) क्लाऊन माशांचा बुळबुळीत रोग.— अंगावर दाट चिकट पडदा येतो व मासा दोन-चार दिवसांत दगावतो. ह्यावर तांबें किंवा कमी खारटपणा यांचा भरंवसा नाहीं, फॉर्मालिन लागतें. तें माणसासहि अपायकारक असल्यानें माशांच्या जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावें.

दोन औषधें एकत्र कधींहि करूं नयेत. रोग न ओळखतां दिलेलें औषध हें बहुधा दुसरें दुखणेंच ठरतें.

५. जुनी टांकी दूषित झाल्यास

तींतील सर्व मासे काढून वरीलप्रमाणें उपचार करावा, व ती टांकी माशांवांचून रिकामी चालू ठेवावी. सहा आठवडे हें किमान होय. तथापि कांहीं कोश ७२ दिवसांपर्यंत फुटत राहिल्याची नोंद आहे. म्हणून ज्यास घाई नाहीं त्यानें ११ आठवडे थांबावें.

आम्हीं ती टांकी ११ आठवडे रिकामी ठेवली. त्या काळांत दाराशीं आलेला प्रत्येक जण, मासे कोठें गेले, असें विचारी, व उत्तर देतांना मान खालीं जाई. त्यानंतर आणलेल्या ५ माशांपैकीं एकावर विलगीकरणाच्या आठव्या दिवशीं तेच पांढरे ठिपके दिसले. ह्या वेळीं ते नाहींसे झाल्यावर आम्ही निर्धास्त झालों नाहीं. टांकी चार वेळां बदलली, व पुढें ३० दिवस मोजले. पांचहि मासे वांचले, आणि मुख्य टांकीस त्या रोगाची वार्ताहि लागली नाहीं.

विलगीकरणाच्या टांकीस लागणारा खर्च एका चांगल्या माशाच्या किमतीहून फारसा अधिक नसतो. खरा खर्च आहे तो धीराचा. नवा बैल महिनाभर निराळा बांधण्याइतका धीर ज्याच्या अंगीं आहे, त्यास हा धंदा अवघड नाहीं.