दवाखान्याचा फोन : बसवण्यापूर्वी विचारायचे चार प्रश्न



इथे ड्रोहेडात माझ्या एका मित्राच्या पत्नीचे छोटे फिजिओथेरपी क्लिनिक आहे. जुनी तांब्याच्या तारेची लाईन काढून नवी टेलिफोन यंत्रणा बसवायचे ठरले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच बघा." मी ते काम केले आणि त्यात एक चूकही केली. आपल्यापैकी अनेकांनी आता दुकान, दवाखाना, क्रेश असे स्वतःचे काही सुरू केले आहे, म्हणून हा अनुभव लिहितो.

आपल्याकडे कचेरीत ईपीएबीएक्सची पेटी असे. बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य फिरवायचे. आता त्या पेटीचे काम बहुधा फोन कंपनीचा संगणक करतो आणि टेबलावरचा फोन इंटरनेटवर चालतो. अशी यंत्रणा घेताना चार प्रश्न विचारावेत.

१. एका वेळी किती जण बोलणार? फोन चार असले तरी एका वेळी दोघेच बोलत असतील, तर चार लाईनींचे पैसे कशाला? इंटरनेटचे म्हणाल, तर एका कॉलला जाता-येता प्रत्येकी सुमारे १०० किलोबिट वेग पुरतो.

२. तीन वर्षांत किती खर्च? समजा, दर माणशी महिना १५ युरो आणि माणसे चार. महिन्याचे ६०, त्यावर २३ टक्के व्हॅट धरून ७३.८०, तीन वर्षांचे २,६५६.८० युरो. फिजिओथेरपीची सेवा व्हॅटमुक्त असल्याने हा भरलेला व्हॅट परत मागता येत नाही. दुकानदाराचे गणित वेगळे असू शकते, अकाउंटंटला विचारावे.

३. जुना नंबर राहील ना? पाटीवर, कार्डांवर आणि पेशंटांच्या डायरीत ०४१ चा तोच नंबर असतो. तो नव्या कंपनीकडे नेता येतो, पण अर्ज नव्या कंपनीमार्फत करावा. नंबर हलेपर्यंत जुनी लाईन स्वतःहून बंद करू नये. घाई केली तर नंबर हातचा जाऊ शकतो.

४. वीज गेली तर? माझी चूक इथेच झाली. जुन्या लाईनीला वीज एक्स्चेंजमधून मिळे, म्हणून अंधारातही साधा फोन चालायचा. नवा फोन तसा चालत नाही. मी रिसेप्शनच्या टेबलाखाली यूपीएस ठेवला, पण कपाटातला राउटर आणि फायबरची पेटी साध्या प्लगवरच राहिली. एके दिवशी दुपारी वीज गेली आणि त्याच वेळी एका वृद्ध बाईंना भोवळ आली. रिसेप्शनिस्टने रिसीव्हर उचलला, तर आवाजच नाही! वहिनींच्या मोबाईलवरून ११२ लावला आणि ॲम्ब्युलन्स आली. बाई बऱ्या झाल्या, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता राउटर, फायबरची पेटी आणि फोन सगळेच यूपीएसवर आहेत. यंत्रणा बंद पडली, तर कॉल आपोआप मोबाईलवर जातात. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात आयर्लंडमध्ये सुमारे ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली होती. इतक्या मोठ्या संकटाला छोटा यूपीएस पुरणार नाही, म्हणून चार्ज केलेला मोबाईलही जवळ हवाच.

आणखी एक. इंटरनेटच्या फोनवरून ११२ किंवा ९९९ लावल्यास कंपनीकडे नोंदलेला पत्ताच पुढे जाऊ शकतो. तो एअरकोडसह बरोबर आहे ना, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. खात्री करण्यासाठी उगाच ११२ लावू नये.

शेवटी एक सोपी परीक्षा. यंत्रणा बसवून झाली की बिल चुकते करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा आणि फोन उचलून पाहा. मी ते केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

शंका असल्यास पुढच्या स्नेहसंमेलनात जरूर विचारा.