मावशींच्या उशाशी मोबाईल



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो तेव्हा पूर्वी दारातच जपमाळेचा नाहीतर रेडिओचा आवाज यायचा. आता बहुधा मोबाईलचा येतो. एका घरी सत्तरी उलटलेल्या मावशी पलंगावर बसून छोटे व्हिडिओ पाहत होत्या. (त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.) कुठे स्वयंपाक, कुठे भांडण, कुठे अपघात. मी विचारले, "झोप लागते का?" "दोन वाजतात, फादर. डोळे चुरचुरतात, पण फोन ठेववत नाही." सून म्हणाली, "आम्ही पोरांना ओरडतो, पण इथे आजीच त्यांच्या पुढे!" मावशी ओशाळल्या. मला त्या ओशाळण्याचेच वाईट वाटले.

हा फोन त्यांनी मागितला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत कॅनडातल्या लेकीचे तोंड दिसावे म्हणून मुलाने तो आणून दिला. मिस्साही तेव्हा त्यावरच ऐकली. पुढे पती देवाघरी गेले, ओटीवर गप्पांना येणाऱ्या शेजारणी एकेक करून कमी झाल्या. फोन तेवढा राहिला.

म्हाताऱ्यांनी फोनला हातच लावू नये असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. २०२५ मध्ये ५७ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत चार लाखांहून अधिक प्रौढ आणि वृद्ध माणसे होती. जी माणसे फोन, संगणक वापरतात त्यांच्यात बुद्धी मंदावण्याचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, फोनमुळेच बुद्धी टिकते असे यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच फोन वापरत असतील, हेही शक्य आहे. कार्य आणि कारण यांची गल्लत करू नये, हे सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला किती वेळा ऐकवले गेले!

घराघरांत नेमकी हीच गल्लत होते. फोनमुळे आई उदास झाली असे आपण म्हणतो. कदाचित ती आधीच उदास असेल आणि म्हणून फोन धरून बसली असेल. अनेकदा दोन्ही खरे असते. एकटेपणामुळे फोन हाती येतो, रात्री उशिरापर्यंतच्या उजेडाने आणि उत्तेजनेने झोप मोडते, आणि झोप मोडली की मन आणखी खचते. त्यात व्हिडिओंची रांग संपतच नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत, दाणा कधी मिळतो कधी नाही असे झाले की कबुतरे टोच मारतच राहत. पुढचा व्हिडिओ चांगला असेल, ही आशा तशीच आहे.

म्हणून "तुला व्यसन लागले आहे" असे आईला एकदम म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेम खेळण्याचा विकार आहे, पण मोबाईलचे व्यसन असा वेगळा आजार नाही. मात्र जेवणावरची वासना गेली, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या, जगण्यात राम नाही असे बोलणे आले आणि हे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांकडे न्या. उदासीनता हा म्हातारपणाचा भाग नव्हे, तिच्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

मावशींना मी शेवटी विचारले, "दोन वाजेपर्यंत नेमके काय बघता?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "तेव्हा ती तिकडे कामावरून सुटते. कधी कधी फोन करते. झोप लागली आणि वाजलेला कळला नाही तर?" व्हिडिओ होते ते जागे राहण्यासाठी! सुनेला हे ठाऊक नव्हते, लेकीलाही नव्हते.

आता लेक आपल्याकडच्या सकाळी सातला फोन करते. तिच्याकडे तेव्हा रात्र असते, मुलेही घरी असतात. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला राहतो. दुपारी मावशी अजून व्हिडिओ बघतात, मागच्या खेपेला मला लोणच्याचा एक दाखवला आणि म्हणाल्या, "मीठ कमी घातलंय हिने."