मिसकॅरेजनंतर घरच्यांनी काय बोलावे?

पहिल्या तीन महिन्यांतले सुमारे निम्मे मिसकॅरेज गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. जिना चढल्याने किंवा नोकरीवर गेल्याने नव्हे. तरी भारतातून फोन येतो तो ‘काय केलंस गं?’ असाच. हा प्रश्न विचारूच नये. ‘दुसरं होईल’ हेही नको. गेले ते हेच होते. ‘फार वाईट झालं, आम्ही आहोत’ एवढे पुरे. आणि नवऱ्याला? त्याला सहसा कोणी विचारतच नाही.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून, 24 आठवड्यांपूर्वी गेलेल्या बाळाचे सरकारी प्रमाणपत्र मोफत मिळते. आई किंवा वडील, कोणीही अर्ज करू शकतात. काहींना तो कागद नकोसा वाटतो, तेही ठीक. काही आठवड्यांनंतरही झोप, जेवण सुटलेले असेल तर दोघांपैकी कोणीही जीपीकडे जावे.

अशा घरी डबा पोहोचवायला ट्रस्टला स्वयंसेवक हवे आहेत. मंदिरात नाव द्यावे.